पीएनजी सिक्वेन्सवर सात महिने: वापरानंतरचा अनुभव

जानेवारीत ऐरोलीहून बोटीने खाडीत जाऊन रोहित पक्ष्यांचं शूटिंग केलं. घरी येऊन पाहिलं तर सगळ्यात सुंदर शॉटमध्ये आडवी तार. थवा उठतो, पंख उघडतात, आतला गडद गुलाबी आणि कडेचा काळा रंग एकदम दिसतो, आणि नेमकी तिथूनच तार गेलेली. शॉट टाकून द्यायला मन होईना. म्हणून क्लिपच्या फ्रेम सुट्या करून तार हातानेच पुसायची ठरवली. तेव्हापासून दुरुस्तीचं सगळं काम असंच करतोय.

एफएफएमपेग या कमांडवर चालणाऱ्या व्हिडिओ-सॉफ्टवेअरने क्लिपची पीएनजी सिक्वेन्स, म्हणजे प्रत्येक फ्रेमचा वेगळा, क्रमांक दिलेला पीएनजी फोटो, काढतो, क्रिता या चित्रं रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रंगवतो आणि ब्लेंडर या ॲनिमेशन-व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये परत जोडतो. तिन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत.

त्या शॉटमधल्या ८४ फ्रेम रंगवाव्या लागल्या. आकाशावरची तार पटकन झाकता येते. पण जिथे ती पिसांच्या मधून डोकावते, तिथे एका फ्रेमला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. या पद्धतीचा खरा फायदा मला इथेच कळला. १४३ क्रमांकाची फ्रेम चुकली तर तेवढीच परत रंगवायची, त्याच नावाने सेव्ह करायची आणि ब्लेंडरमध्ये रिफ्रेश करायचं. बाकीच्या फ्रेमना हातही लागत नाही. पीएनजी लॉसलेस, म्हणजे चित्रातलं काहीही न गमावता साठवणारी, असल्यामुळे कितीही वेळा उघडून सेव्ह केली तरी दर्जा घसरत नाही. मात्र मूळ एमपी४ व्हिडिओमध्ये जे नव्हतं ते पीएनजीत येईल, ही अपेक्षा ठेवूच नका. जेपेगवरही करून पाहिलं. फाइल लहान होते, पण गुलाबी पंखांच्या कडा फिसकटतात. मी ते सोडून दिलं.

दुसरा फायदा जूनमध्ये कळला. ब्लेंडरमध्ये १८०० फ्रेमचं रेंडर, म्हणजे अंतिम फ्रेम तयार करून डिस्कवर लिहायचं काम, चालू होतं, १२००च्या आसपास वीज गेली. थेट एमपी४ काढत असतो तर ती अर्धवट फाइल बहुतेक उघडलीच नसती. इथे तोवरच्या फ्रेम डिस्कवर शाबूत होत्या. ब्लेंडरमध्ये ओव्हरराइट बंद ठेवलं की झालेल्या फ्रेम सोडून तो पुढचं काम उचलतो. फक्त वीज जाताना लिहिली जात असलेली शेवटची फाइल आधी डिलीट करा, नाहीतर तीही झालेली समजून तो पुढे जातो.

आता जागेचं. माझ्या कॅमेऱ्याची ५० एमबीपीएसची (सेकंदाला ५० मेगाबिट) क्लिप मिनिटाला सुमारे ३७५ एमबी घेते. तेच मिनिट २५ एफपीएसने (सेकंदाला २५ फ्रेम) १५०० फ्रेमचं, आणि माझी फुल एचडी पीएनजी सरासरी ३ एमबीची. म्हणजे साडेचार जीबी! म्हणून अख्खी क्लिप कधीच सुटी करू नका. दुरुस्तीपुरते सेकंद कापून घ्या.

फ्रेम रेटमध्ये मी एकदा चांगलाच फसलो. फोटोंमध्ये वेग नोंदलेला नसतो, तो आपण सांगायचा. ३० एफपीएसची २० सेकंदांची क्लिप, ६०० फ्रेम, मी जोडताना २५ धरली आणि ती २४ सेकंदांची झाली. पक्ष्यांचा आवाज कुठल्या कुठे गेला. आवाज तर सिक्वेन्समध्ये येतच नाही. तो वेव्ह फाइलमध्ये आधीच काढून ठेवायचा. आता फोल्डरच्या नावातच एफपीएस लिहितो. क्रमांकही पाच अंकी, ००००१पासून. नाहीतर काही ठिकाणी १ नंतर थेट १० येतो आणि मग २.

नौपाड्यातल्या मित्राला फोल्डर पेनड्राइव्हवर द्यायचा होता, तर हजारो बारक्या फाइल कॉपी होता होता संध्याकाळ झाली. पुढच्या वेळी टार करून, म्हणजे सगळ्या फाइल न दाबता एकात बांधून, एकच फाइल दिली. पीएनजी आधीच दाबलेली असते, तिला परत झिप करून जागा काही वाचत नाही.

गेल्या आठवड्यात डिस्क आवरली. मूळ क्लिप, वेव्ह, रंगवलेल्या ८४ फ्रेम आणि एफएफएमपेगची कमांड लिहिलेली टेक्स्ट फाइल ठेवली. बाकीच्या फ्रेम त्याच कमांडने कधीही परत काढता येतात, म्हणून उडवून टाकल्या.