वर्गातल्या प्रोजेक्टला पैसे हवेत: डोनर्सचूज बरं की डिस्ट्रिक्टची मिनी-ग्रँट?

अमेरिकेत पब्लिक स्कूलमध्ये शिकवताय आणि वर्गात काहीतरी वेगळं करायचं डोक्यात आहे, तर आधी एक ठरवा, पदरचे पैसे घालायचे नाहीत. 2014-15 च्या सरकारी पाहणीत 94 टक्के पब्लिक स्कूल टीचर्सनी वर्गासाठी स्वतःच्या खिशातून खर्च केल्याचं सांगितलं, सरासरी 479 डॉलर, आणि ते त्यांना कुणी परत दिले नव्हते. हे मला अजूनही बोचतं.

डोनर्सचूज म्हणजे वर्गासाठी लोकांकडून देणग्या गोळा करणारी वेबसाइट, ती एका टीचरनेच काढलीय, ब्राँक्समध्ये हिस्टरी शिकवणाऱ्या चार्ल्स बेस्टने, 2000 साली. काय हवंय, का हवंय ते लिहायचं, सामानाची यादी टाकायची, लोक थोडे थोडे पैसे देत जातात आणि रक्कम भरली की सामान थेट शाळेत येतं. रोख हातात मिळत नाही. पुस्तकं, मायक्रोस्कोप, रंग असं काही हवं असेल तर याच्याइतकं सोपं दुसरं नाही, पण साधारण चार महिन्यांत पैसे भरले नाहीत तर प्रोजेक्ट बंद होतो, म्हणून यादी छोटीच ठेवा, मोठी असेल तर दोन भाग करा. नंतर फोटो आणि पत्र पाठवावं लागतं, ते मुलांना बरोबर घेऊन करा, त्यांना मनापासून आवडतं.

माझ्या पाचवीच्या वर्गाचं सावल्यांचं नाटक याच्यावरच सुरू झालं. पडद्याचं कापड, दोन क्लिपचे दिवे, काळा कार्डस्टॉक, सगळं बॉक्समधून आलं. पण बाहुल्यांचे सांधे इतके घट्ट बसले की हात एकदा वर गेला की तिथेच राहायचा, मुलं हिरमुसली आणि मलाही काही सुचेना. हे काम येणारं माणूस दोन सकाळी हवं होतं आणि त्याचं मानधन कुठून द्यायचं हा प्रश्न होता. ते डिस्ट्रिक्टच्या मिनी-ग्रँटमधून, म्हणजे छोट्या अनुदानातून, निघालं. त्यातून आलेल्या बाईने पहिल्याच दिवशी सगळे सांधे सोडवले आणि मध्ये कागदाची एक छोटी चकती घालायला शिकवलं, बस्स, हात हलायला लागले.

ही ग्रँट लोकल एज्युकेशन फाउंडेशन देतं, म्हणजे आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टमधल्या (एका भागातल्या सरकारी शाळांच्या गटातल्या) शाळांसाठी पैसे उभारणारी स्थानिक संस्था. रक्कम बऱ्याचदा काहीशे डॉलरपासून एक-दोन हजारापर्यंत, फॉर्म दोन-तीन पानांचा, आणि वाचणारे तिथलेच पालक, रिटायर्ड टीचर्स वगैरे, त्यामुळे मुलं नक्की काय करणार हे साध्या शब्दांत लिहा, शिक्षणशास्त्राची भाषा नको. मानधन, बसभाडं चालतं का ते आधी विचारून घ्या, प्रत्येकाचे नियम वेगळे. डेडलाइन वर्षातून एकदा-दोनदाच, आणि नकारही येतो. मला सगळ्यात खटकतं ते हे की ज्या डिस्ट्रिक्टमध्ये पैसेवाले पालक, तिथलंच फाउंडेशन दणकट, आणि जिथे खरी गरज तिथे कित्येकदा फाउंडेशनच नसतं. तिथे डोनर्सचूजच धरा.

याशिवाय, एनईए (नॅशनल एज्युकेशन असोसिएशन ही टीचर्सची युनियन) फाउंडेशनच्या ग्रँट्स त्या युनियनच्या मेंबर्सना मिळतात. फंड फॉर टीचर्स तुमच्या स्वतःच्या उन्हाळी शिकण्यासाठी आहे, वर्गातल्या सामानासाठी नाही.

बजेट लिहिताना प्रत्येक ओळीपुढे 'वस्तू' की 'माणूस' एवढंच लिहून बघा. वस्तूच जास्त असतील तर आज रात्रीच डोनर्सचूजवर टाका, माणसं असतील तर ग्रँटची तारीख शोधा आणि प्रिन्सिपलची सही आठवडाभर आधी घेऊन ठेवा, शेवटच्या दिवशी प्रिन्सिपल मीटिंगमध्येच असतात.