ईएसलिंटमध्ये स्वतःचे रूल लिहून आठ महिने झाले, त्याचा अनुभव

ईएसलिंट म्हणजे जावास्क्रिप्ट कोडमधल्या चुका आपोआप पकडणारं टूल (लिंटर). आमच्या बिलिंगच्या प्रोजेक्टमध्ये एकच चूक सारखी व्हायची. रक्कम दाखवताना आकडा स्थानिक पद्धतीने लिहून देणारं टूलोकेलस्ट्रिंग नुसतं कॉल करायचं आणि त्यात एन-आयएन (भारतीय लोकेल, म्हणजे भाषा-देशाची सेटिंग) द्यायला विसरायचं. आपल्या लॅपटॉपवर ब्राउझर भारतीय सेटिंगचा, त्यामुळे १,२३,४५६ बरोबर दिसतं, पण पीडीएफ सर्व्हरवर बनते, तिथलं लोकेल अमेरिकन, मग बिलावर येतं १२३,४५६. दर रिव्ह्यूला तीच कमेंट टाकून मी वैतागलो.

सुरुवात नो-रिस्ट्रिक्टेड-सिंटॅक्स या ईएसलिंटच्या तयार रूलने केली, ठरावीक प्रकारचा कोड लिहायला बंदी घालणारा. प्लगिन वगैरे काही लागत नाही, सीएसएससारखा एक सिलेक्टर कॉन्फिगमध्ये टाकायचा, या नावाचा कॉल आणि आर्ग्युमेंट शून्य, झालं. दोन महिने मस्त चाललं. मग कुणीतरी रिपोर्टच्या फोल्डरसाठी खाली याच रूलचा वेगळा ब्लॉक टाकला, आणि फ्लॅट कॉन्फिगमध्ये (ईएसलिंटच्या नव्या पद्धतीच्या सेटिंग फाइलमध्ये) खालचा ब्लॉक वरच्या यादीत भर घालत नाही, अख्खी यादीच बदलून टाकतो. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त रकमा छापतो तिथेच चेक बंद आणि सीआय (कोड आपोआप तपासणारी यंत्रणा) आपलं हिरवंगार! तीन आठवडे कुणाला पत्ता नाही.

मग वेगळा रूल लिहिला, जेमतेम ४० ओळी. एनपीएमवर (जावास्क्रिप्ट पॅकेजच्या सार्वजनिक साठ्यावर) टाकायची गरज नाही, लोकल फाइल इम्पोर्ट करून प्लगिन म्हणून दिली की चालतं. एएसटी एक्सप्लोरर या वेबसाइटवर कोड पेस्ट करून त्याच्या रचनेतले नोड (तुकडे) बघायचे आणि लिहायचं, एवढं सोपं की मी शहाणपणा करून एन-आयएन आपोआप घालणारा ऑटोफिक्सही जोडला आणि सगळ्या रेपोवर (प्रोजेक्टच्या अख्ख्या कोडवर) फिक्स चालवलं. इथे माती खाल्ली. तारखांनाही हीच मेथड असते ना! एका क्लायंटला जाणाऱ्या एक्सपोर्टमध्ये १२ मे ही तारीख आधी ५/१२ अशी जायची ती १२/५ झाली, आणि त्यांच्या सिस्टिमने ती ५ डिसेंबर म्हणून वाचली. व्हेरिएबलमध्ये आकडा आहे की तारीख हे लिंटरला नुसत्या सिंटॅक्सवरून कळत नाही, त्यासाठी टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंटची टाइप माहिती (कुठल्या व्हेरिएबलमध्ये कुठल्या प्रकारची गोष्ट आहे ती) लागते आणि आमचा प्रोजेक्ट साधा जावास्क्रिप्ट. रूलटेस्टरमध्ये (रूलच्या टेस्ट चालवायच्या टूलमध्ये) तारखेची केस मी लिहिलीच नव्हती, त्यामुळे टेस्ट सगळ्या पास. आता फिक्स काढून सजेशन ठेवलंय, एडिटरमध्ये बल्ब येतो, माणूस बघून क्लिक करतो.

मेसेजवर मात्र वेळ घालवा. आधी नुसतं ‘लोकेल द्या’ लिहिलं होतं तर पोरं सरळ त्या ओळीपुरता रूल बंद करणारी डिसेबलची कमेंट टाकून मोकळी. ‘रक्कम असेल तर आपला रुपयांचा हेल्पर वापरा, तारीख असेल तर तारखेचा’ असं लिहिल्यावर ते जवळपास थांबलं.

जुन्या चुकांसाठी ईएसलिंट ९.२४ मध्ये आलेलं बल्क सप्रेशन वापरतोय, जुनं सगळं एका जेसन फाइलमध्ये झाकून ठेवायचं, फक्त नव्या कोडला एरर. कटकट एकच, जुनी चूक सुधारली की प्रून (सुधारलेल्या चुका त्या फाइलमधून काढणारी कमांड) चालवेपर्यंत सीआय लाल, म्हणजे चांगलं काम केल्याची शिक्षा. १८० जुन्या चुकांवरून ६३ वर आलोय, त्यातल्या ४० एकाच फाइलमध्ये आहेत आणि तिला हात लावायची अजून माझी हिंमत नाही.