स्टँडमागचा शॉर्टहँडचा क्लास: कोर्टाची तयारी करणाऱ्यांसाठी

इथे टायपिंगला गर्दी, शॉर्टहँडला मोजकी डोकी. मी कोर्टातल्या स्टेनोच्या (न्यायाधीश साहेब सांगतात ते शॉर्टहँडच्या खुणांत झटपट उतरवणाऱ्याच्या) जागेसाठी लावलाय, तेव्हा त्याच नजरेने लिहितेय.

आपल्याकडे कोर्टाच्या स्टेनोला परवाना-बिरवाना लागत नाही. पदवी, पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेचं सर्टिफिकेट, आणि भरतीत पुन्हा डिक्टेशन. मुंबई हायकोर्टाच्या जाहिरातीत लोअर ग्रेडला मिनिटाला इंग्रजी ८० शब्द, हायरला १००, पर्सनल असिस्टंटला १२० मागतात. परिषदेचा फॉर्म संस्थेमार्फत जातो, म्हणून फी भरण्याआधी मान्यतेचा कागद बघून घ्या. इथे तो दारातच लावलाय.

सर जुन्या वळणाचे. पिटमनच्या (शॉर्टहँडची एक पद्धत) रेघा घोटून घेतात. पातळ रेघ म्हणजे ‘पी’, तीच दाबून काढली की ‘बी’. शेजारच्या पोराने घाईत ‘बेल’ (जामीन) पातळ काढलं, ते झालं ‘पेल’ (बादली), तर सर वही वर धरून म्हणाले, “साहेब आरोपीला जामीन देतायत का बादली?” तेव्हापासून वर्गात कोणाचीच पेन्सिल बोथट नसते.

खरी कमाई संध्याकाळच्या बॅचला. वकिलांकडून आणलेली जुनी निकालपत्रं सर वाचतात, तेही मुद्दाम कोर्टासारखी. परीक्षेचा उतारा एका लयीत येतो. कोर्टात तसं काही नसतं. साक्षीदार मराठीत पाल्हाळ लावतो, साहेब त्याचं दोन ओळींत इंग्रजी सांगतात, मध्येच वकिलांची हरकत, की लगेच “ते खोडा.” सर अडखळतात, कलमांचे आकडे भराभर सोडतात, मागचं वाक्य वाचून दाखवायला लावतात. हे मला दुसरीकडे कुठे मिळालं नाही.

आता तक्रार. १०० च्या बॅचला सर मोबाइलवर रेकॉर्डिंग लावतात आणि टायपिंगच्या पोरांकडे निघून जातात. वह्या आठवडाभर तपासायच्या राहतात. आपली चूक कुठे होते ते कळलंच नाही, तर स्पीड वाढणार कसा? परीक्षा फी वेगळी, हेही फॉर्म भरायच्या दिवशीच कळतं. कीबोर्डवरची अक्षरं पार पुसलीत (न बघता टायपायची सवय लागते, तेवढा फायदा!).

८० पर्यंत बिनधास्त लावा. १०० साठी सकाळची पहिली बॅच मागा, तेव्हा टायपिंगवाले नसतात आणि सर स्वतः वाचतात. पाचपैकी साडेतीन.