फुएनहिरोलात आठ महिने: किराणा, मासे, औषधं आणि गिझरचं बुतानो

नवऱ्याचं काम लॅपटॉपवरचं. स्पेनने २०२३ पासून अशा लोकांना राहायला परवाना द्यायला सुरुवात केली, म्हणून आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी मालागाजवळच्या फुएनहिरोला या समुद्रकाठच्या गावात भाड्याने फ्लॅट घेतला. आठ महिने झाले. किनारा, सूर्यास्त, कॅसल सोहाइल यांचे फोटो सगळीकडे आहेत, ते मी टाकत नाही. मी घर चालवलं, तेव्हा त्याबद्दलच लिहिते. (नाव लिहिताना ‘गिरोला’ दिसतं, पण मधला ‘ग’ घशातून ‘ह’सारखा निघतो. मी पहिला महिनाभर गिरोला म्हणत होते आणि लोक सभ्यपणे हसत होते.)

सुरुवातच फसली. पोचलो २७ फेब्रुवारीच्या रात्री. दुसऱ्या दिवशी २८ तारीख, म्हणजे आंदालुसिया दिन. १९८० साली याच तारखेला स्वायत्ततेसाठी सार्वमत झालं, त्याची सुट्टी. सकाळी पिशवी घेऊन निघाले तर सगळ्या रस्त्याला शटर खाली. हॉटेलं उघडी, बार उघडे, पण दूध-ब्रेड कुठे मिळेना. शेवटी कोपऱ्यावरचं ‘चिनो’ सापडलं. चिनी कुटुंबांनी चालवलेल्या दुकानांना इथे सरळ चिनो म्हणतात. बादली, झाडू, चिमटे, टेप, दूध, बिस्किटं, चार्जर, सगळं एका छताखाली, आणि सुट्टीच्या दिवशीही उघडं. आपल्याकडची दोन गोल पिनांची चार्जरं सॉकेटमध्ये बसतात. जाड तीन पिनांचा प्लग मात्र बसत नाही, त्याचा अडॅप्टर तिथेच घेतला. तर पहिला सल्ला: यायच्या आधी कॅलेंडरवर इथल्या सुट्ट्या बघा आणि रविवारची भाजी शनिवारीच आणा. मोठी सुपरमार्केटं रविवारी बहुतेक बंद असतात, उन्हाळ्यात काही उघडतात. छोटी दुकानं रोज दुपारी दोन ते पाच बंद. पुणेकरांना एक ते चारचं काही नवल नाही, पण इथे पाच वाजताही ‘आता उघडतील’ म्हणून उभं राहावं लागतं.

गावाला घड्याळापेक्षा मोठा एक नियम आहे, तो म्हणजे रांग. आपल्याला रांग दिसायला हवी, इथे ती दिसत नाही. मासळीच्या दुकानात, पेस्कादेरियात, सात-आठ बायका इकडे-तिकडे उभ्या, कोणी गप्पा मारतंय, कोणी भिंतीला टेकलंय. मी पहिल्यांदा सरळ काउंटरपाशी गेले. मागून एक आजी बोलल्या, ‘नीन्या!’ म्हणजे पोरी. माझं वय एक्केचाळीस, पण या भागात कोणत्याही वयाच्या बाईला नीन्या म्हणतात. मग त्यांनीच समजावलं: दुकानात शिरलं की विचारायचं, ‘एल उल्तिमो?’ शेवटचं कोण? जो हात वर करील त्याच्यानंतर आपण. मग निवांत कुठेही उभं राहा, बाहेर जाऊन फोन करा, नंबर तुमचाच. औषधाच्या दुकानातही हेच. हा एक शब्द शिकले आणि गाव एकदम सरळ वागायला लागलं. काउंटरवर इंग्रजी बोलणारे पुष्कळ आहेत, कारण इथे इंग्रज आणि फिनिश लोकांची मोठी वस्ती आहे, फिनिश शाळाही आहे. पण रांगेतल्या आजी इंग्रजी बोलत नाहीत, आणि रांग त्यांची.

मासे. मी दापोलीकडची, त्यामुळे इथे थोडी जास्त बोलेन. बोकेरोन म्हणजे छोटे अँचोव्ही, मालागाचा लाडका मासा. आपल्या मांदेलीच्या नात्यातला. मोठा मासा घेतला तर दुकानदार खवले काढून, पोट साफ करून, हवा तसा कापून देतो, पैसे वेगळे घेत नाही. बोकेरोन मात्र आपणच साफ करायचे. अंगठ्याच्या नखाने डोक्यामागे दाबून ओढलं की डोकं, आतडं आणि मधला काटा एका झटक्यात निघतो, आणि मासा पुस्तकासारखा उघडतो. हे लोक नुसत्या पिठात घोळवून तळतात. मी सेमोला, म्हणजे आपला रवा, तिखट आणि हळद लावून तळले, आणि वरच्या मजल्यावरच्या शेजारणीने रेसिपी मागितली. सार्दीना म्हणजे आपली तारलीच. काबाया हा बांगड्याचा जवळचा नातलग. कोकीना ही तिसऱ्यांची धाकटी बहीण, भरपूर लसूण घालून शिजवतात. सोमवारी ताज्या मासळीला जाऊ नका. होड्या शनिवार-रविवार विसावतात, सोमवारी बर्फात जे दिसतं ते आधीचं. कोळणीच्या घरात वाढलेल्या माणसाला हे सांगायला नको, पण मी दोन सोमवार गेलेच.

बाजार मंगळवारचा. फेरिया, म्हणजे जत्रा, भरते त्या मोठ्या मैदानावर, सकाळी नऊपासून दोनपर्यंत. आपला आठवडी बाजारच, फक्त कोंबड्या आणि बी-बियाणं नाही. कपडे, चादरी, पर्सा, ऑलिव्ह, फळं. विक्रेते गुआपा, रेइना म्हणून हाका मारतात, म्हणजे सुंदरी, राणी. लाजू नका, मागच्या आजींनाही तेच म्हणतात. दीड वाजता गेलं तर फळांचे ढीग कमी भावात मिळतात, पण टोमॅटोत दोन मऊ निघणार हे धरून चाला. रोख न्या. शनिवारी याच जागी जुन्या वस्तूंचा बाजार असतो. तिथून मी पोलादी कढई उचलली.

किराण्यात मेर्कादोना या सुपरमार्केटवर सगळा महिना निघतो. त्यांच्या स्वतःच्या आसेंदादो नावाच्या वस्तू स्वस्त आणि चांगल्या. फळं-भाज्या हाताळताना प्लास्टिकचा हातमोजा घालायचा, हा देशभरचा शिष्टाचार. मी विसरले की शेजारची बाई डोळे मोठे करायची. आता आपली सामग्री: बेसन ‘आरिना दे गार्बान्सो’ नावाने मिळतं, कारण इथले लोक बारीक कोळंबीची भजी त्यातच करतात. लेन्तेहा पार्दिना ही तपकिरी मसूर आमटीला झकास. पानेला म्हणजे गूळ. कोथिंबीर सिलांत्रो या नावाने. तूरडाळ, हिंग, कढीपत्ता, पोहे मात्र सुपरमार्केटात नाहीत. त्यासाठी भारतीय दुकान शोधलं. मालक सिंधी, हिंदी फर्डी, मामा उल्हासनगरला. या किनाऱ्यावर सिंधी व्यापारी जुने आहेत, बेनालमादेनात हिंदू मंदिरही आहे. आईने पार्सल पाठवायची तयारी केली होती, तिला थांबवलं. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, तुपाची बरणी आणि पेढे कस्टममध्ये अडकतात. मसाले चालतात, तेच मागवले.

कुकरबद्दल एक सूचना. माझा ॲल्युमिनियमचा कुकर बुडाशी किंचित गोल आणि इथली शेगडी सपाट काचेची. मध्येच टेकायचा, शिट्टीला अर्धा तास लागायचा. इंडक्शन असेल तर तो तापणारच नाही. फेर्रेतेरियातून, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातून, स्टीलचा सपाट बुडाचा घेतला.

आता बुतानो, म्हणजे गॅसची टाकी. आमच्या जुन्या इमारतीत गिझर गॅसवर आहे. केशरी टाकी, साडेबारा किलोची, आपल्या १४.२ किलोच्या टाकीपेक्षा थोडी हलकी, पण तिसऱ्या मजल्यावर चढवताना ते जाणवत नाही. भाव सरकार ठरवतं, दर दोन महिन्यांनी बदलतो, आमच्या काळात १५ ते १८ युरोच्या मध्ये राहिला. बुतानेरो गाडी घेऊन येतो, फोनवर नोंदवायचं. पेट्रोल पंपावरही रिकामी देऊन भरलेली मिळते. रिकामी नसेल तर पहिली टाकी मिळवताना करार करावा लागतो, म्हणून घर घेताना घरमालकाला विचारा: टाकी आहे का आणि किती?

एप्रिलमध्ये एका सकाळी गरम पाणी बंद. टाकी नुकतीच बदललेली. घरमालकाला फोन केला, त्याने ‘मान्याना’ सांगितलं. उद्या. तो उद्या चार दिवस आला नाही. गार पाण्याने आंघोळ करताना मी मनात जे बोलले ते इथे लिहीत नाही. पाचव्या दिवशी तीच शेजारीण आली, गिझरखाली वाकली आणि एक छोटी पेटी उघडून दाखवली. आत दोन जाड सेल. ‘पीला गोर्दा’, ती म्हणाली. गिझर पेटायला ठिणगी लागते, ती सेलवर चालते, आणि सेल संपले होते. चिनोतून दोन आणले, पाच मिनिटांत पाणी गरम. चार दिवसांचा त्रास दोन सेलमुळे.

औषधांचं सांगायलाच हवं. सासूबाई उन्हाळ्यात दोन महिन्यांसाठी आल्या. शेंगेन व्हिसाला ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो, तो होता. पण ब्लडप्रेशरच्या गोळ्या त्या दहाच आणल्या होत्या. फार्मासियात हिरवा क्रॉस दिसला की औषधं मिळतात, सुपरमार्केटात क्रोसिनसुद्धा नाही. पण चिठ्ठीशिवाय प्रेशरची गोळी मिळाली नाही, आणि आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी इथे चालत नाही. वर तिच्यावर ब्रँडचं नाव, जे इथे कुणाला ठाऊक नाही. खासगी डॉक्टरकडे जाऊन नवी चिठ्ठी घ्यावी लागली. सगळा साठा बरोबर आणा, आणि गोळीचं मूळ नाव कागदावर लिहून आणा. पॅरासिटामॉलही ६५० मिलिग्रॅमपर्यंत सहज, एक ग्रॅमला चिठ्ठी. रात्री कोणती फार्मासिया उघडी हे बंद दुकानाच्या दारावर लिहिलेलं असतं. तिथे खिडकीतूनच औषध देतात.

बाकीचं थोडक्यात. सिमकार्ड पासपोर्ट दाखवूनच मिळतं, ते कायद्यानेच. पोस्टाची तिकिटं एस्तांकोत, म्हणजे सिगारेटच्या दुकानात, टपालपेटी पिवळी. विमानतळावरून सरळ सी-१ लोकल, दर वीस मिनिटांनी, तिकीट बाहेर पडेपर्यंत फेकू नका, गेटला पुन्हा लागतं. भारतात परतणाऱ्या पाहुण्यांना खरेदीवरचा कर विमानतळावरच्या यंत्रावर शिक्का घेऊन परत मागता येतो, किमान रकमेची अट २०१८ मध्ये गेली. एटीएम ‘रुपयांत घेऊ का?’ विचारतं, नाही म्हणा.

पाणी जड आहे, चहा करताना पांढरा थर दिसतो, म्हणून पिण्याला मोठी बाटली आणतो. पोनिएन्ते वाऱ्याला ऑगस्टातही समुद्र गार असतो. तेर्राल वाहू लागला की उलट, जमिनीवरून भट्टीसारखी झळ येते. त्या दिवशी धुतलेल्या चादरी मी अर्ध्या तासात घडी करून ठेवल्या.

पुन्हा येऊ का? मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर असेल तर हो, जुलै-ऑगस्ट नाही. सप्टेंबरात मालागाच्या पूर्वेकडच्या आक्सार्कियातले आंबे येतात, ओस्टीन जातीचे. रेषा नसते, गोड असतात, पण वास नाही. शेजारणीने पिशवीभर दिले, मी छान म्हणाले. हापूस खाऊन वाढलेली बाई याहून जास्त काय बोलणार.

या आठवड्यात सामान बांधतोय. टाकी घरमालकाची, तिथेच राहील. गिझरमध्ये दोन नवे जाड सेल घातलेत, आणि पुढच्या भाडेकरूसाठी पेटीवर टेपने चिठ्ठी चिकटवलीय. स्पॅनिश माझं आहे, व्याकरण शेजारणीने तपासून दिलं.