हार्डवेअर वॉलेट: खाऱ्या हवेत वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर हार्डवेअर वॉलेट घेतलं, म्हणजे बिटकॉइनसारख्या क्रिप्टोची चावी सांभाळणारं छोटं उपकरण. आता आंब्याच्या पेट्या मुंबईला जायला लागल्यात. वस्तू कामाची आहे. फक्त बरेच लोक ती ज्या समजुतीने घेतात, ती समजूत चुकीची आहे. "हे घेतलं की हॅकिंगची कटकट संपली" असं यूट्यूबवाले सांगतात. हे उपकरण मुळात दोनच कामं करतं. तुमची प्रायव्हेट की, म्हणजे पैसे खर्चायची गुप्त चावी, लॅपटॉपपर्यंत किंवा फोनपर्यंत पोचू देत नाही, आणि सही करण्याआधी पैसे कुठे चाललेत ते स्वतःच्या पडद्यावर दाखवतं. पहिलं काम ते आपोआप करतं. दुसरं तुम्ही पडदा वाचलात तरच होतं.

कंपनी आणि मॉडेल लिहीत नाही, आत किती आहे तेही नाही. हा उगाच केलेला आव नव्हे. २०२० मध्ये हार्डवेअर वॉलेट बनवणाऱ्या लेजर या फ्रेंच कंपनीच्या ग्राहकांची माहिती फुटली. सुमारे २ लाख ७२ हजार लोकांची नावं, घरचे पत्ते आणि फोन नंबर उघड्यावर पडले. पुढच्या वर्षी त्यातल्या काहींच्या घरी चक्क पोस्टाने बनावट उपकरणं आली, सोबत "तुमचं जुनं धोक्यात आहे, यापुढे हे वापरा" असं पत्र. आमच्याकडे पार्सल कुणाचं आलं हे कुरिअरवाल्याआधी वाडीला कळतं, तेव्हा एवढी सावधगिरी हवीच. पत्ता दुकानाचा द्या, घरचा नको.

डबा उघडल्यावर चकाकणाऱ्या स्टिकरवर विसंबू नका, तसला स्टिकर कुठेही छापून मिळतो. उपकरण कोरं हवं. पहिल्यांदा चालू केल्यावर पिन तुम्हाला ठरवायला लावेल आणि रिकव्हरीचे शब्द, म्हणजे उपकरण गेलं तरी पैसे परत मिळवून देणारे इंग्रजी शब्द, तुमच्यासमोर तयार करेल. डब्यात आधीच शब्द छापलेलं कार्ड निघालं तर समजा ते पाकीट दुसऱ्याचं आहे आणि तुम्ही त्यात पैसे भरणार आहात. कंपनीच्या मूळ ॲपमध्ये उपकरण खरं आहे का हे तपासायची सोय असते, तीही वापरा.

आता मुख्य मुद्दा. सिंधुदुर्गात किनाऱ्यालगतच्या एका बाजारपेठेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लग्नाचे अल्बम करणाऱ्यांचे लॅपटॉप सगळ्यात जास्त येतात, आणि त्यातल्या बहुतेकांत फोटोशॉप क्रॅक केलेलं, विंडोज फुकटच्या टूलने ॲक्टिव्हेट केलेलं. पासवर्ड आणि वॉलेट चोरणारे प्रोग्रॅम याच वाटेने शिरतात. रेडलाइन, लुमा ही त्यातली गाजलेली नावं. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने लुमाचे सुमारे २,३०० डोमेन ताब्यात घेतले, तरी काही आठवड्यांत तो पुन्हा डोकं वर काढून बसला. ब्राउझरला जोडलेलं एक्स्टेंशन वॉलेट, ज्यात चावी कॉम्प्युटरवरच राहते, असल्या मशीनवर ठेवणं म्हणजे दार उघडं टाकून जत्रेला जाणं.

असाच एक लॅपटॉप फॉरमॅटला आला होता. त्यात क्लिपर निघाला, म्हणजे कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारा प्रोग्रॅम. बिटकॉइनचा पत्ता, म्हणजे खाते क्रमांकासारखी अक्षरांची लांब ओळ, कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट केला की भलताच पत्ता उमटत होता. मालकाला विचारून फॉरमॅट एक दिवस पुढे ढकललं आणि किरकोळ रक्कम असलेलं वेगळं खातं घेऊन माझं उपकरण त्याला जोडलं. मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवलेला पत्ता लॅपटॉपवर कॉपी-पेस्ट करून व्यवहार तयार केला. उपकरणाच्या पडद्यावर पत्ता आला तो चोराचा.

म्हणजे उपकरणाने काम चोख केलं, पैसे खरोखर जिथे जाणार तेच दाखवलं. पण गंमत पुढे आहे. लॅपटॉपच्या ॲपमध्येही तोच चोराचा पत्ता दिसत होता. "दोन्ही पडदे ताडून बघा" एवढाच सल्ला पाळणारा माणूस दोन्हीकडे तेच बघून निवांत ओके दाबेल. ताडायचं ते मूळ पत्त्याशी, आणि मूळ पत्ता दुसऱ्या यंत्रावर हवा. मी मित्राचा मेसेज फोनवर उघडला तेव्हा फरक दिसला. तेव्हापासून पत्ता फोनवर उघडा ठेवतो आणि उपकरणाचा पडदा त्याच्याशी ताडतो, लॅपटॉपकडे बघतसुद्धा नाही. रक्कम मोठी असेल तर समोरच्याला फोन लावून मधली काही अक्षरं वाचून घेतो. पैसे घेतानाही हेच. लॅपटॉपवर दिसणारा आपला पत्ता कुणाला पाठवण्याआधी तो उपकरणावर उघडून बघायचा, नाहीतर तुम्हीच तुमच्या गिऱ्हाइकाला चोराचा पत्ता द्याल.

मधली अक्षरं का, तर सुरुवातीची आणि शेवटची जुळवणं चोरांना जमतं. तुम्ही नेहमी ज्या पत्त्यावर पाठवता त्याच्यासारखा दिसणारा पत्ता ते बनवतात आणि तिथून तुमच्या खात्याशी नगण्य रकमेचा व्यवहार करतात. हेतू एवढाच की तो तुमच्या हिस्टरीत येऊन बसावा आणि पुढच्या वेळी तुम्ही घाईत तिथूनच उचलावा. मे २०२४ मध्ये एकाने अशाच पत्त्यावर सुमारे ६.८ कोटी डॉलरचे रॅप्ड बिटकॉइन (बिटकॉइनच्या किमतीचं दुसऱ्या साखळीवरचं नाणं) पाठवले. त्याचं नशीब थोर, नंतर चोरानेच बहुतेक रक्कम परत केली. हिस्टरीतून पत्ता कधीच उचलू नये.

काही व्यवहारांत मात्र पडदा वाचूनही उपयोग होत नाही. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टवर, म्हणजे क्रिप्टोच्या साखळीवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमवर, सही करताना कित्येकदा अगम्य आकडे आणि अक्षरं येतात, त्यातून काही बोध होत नाही. याला ब्लाइंड सायनिंग म्हणतात. २१ फेब्रुवारी २०२५ ला बायबिट या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलर गेले, तेव्हा सह्या करणाऱ्यांच्या हातात हार्डवेअर वॉलेटच होती. कॉम्प्युटरच्या पडद्यावर नेहमीचा व्यवहार दिसला, सही दुसऱ्याच गोष्टीवर झाली. मी ब्लाइंड सायनिंग सेटिंगमध्ये बंदच ठेवलंय. त्यामुळे काही वेबसाइट चालत नाहीत, तर नाही चालत. तुमची नाणी (टोकन) खर्चायची अमर्याद परवानगी मागणाऱ्या साइटचंही तेच. ती परवानगी एकदा दिली की पुढच्या चोरीला तुमची सही लागत नाही, उपकरण कपाटात असलं तरी.

आता शब्दांकडे येतो. हवामानाने मला सगळ्यात जास्त कामाला लावलं ते इथे. उपकरण हरवलं, बिघडलं तरी चालतं, १२ किंवा २४ शब्दांवरून सगळं परत येतं. पण हे शब्द ठेवायचे कुठे? डब्यासोबत कागदाचं कार्ड येतं. आमच्याकडे आषाढात कपाटातल्या लग्नपत्रिकेलाही बुरशी धरते, आणि मे २०२१ च्या तौक्ते वादळात ज्यांची कौलं उडाली त्यांनी सातबाऱ्याचे कागद वाळत घातलेले मी पाहिलेत. कागद बाद. फोनमध्ये फोटो काढून ठेवणं त्याहून बाद. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीने स्पार्ककॅट नावाचा चोर प्रोग्रॅम उघडकीला आणला. तो प्ले स्टोअर आणि ॲपल या दोन्हीकडच्या ॲपमध्ये सापडला होता आणि गॅलरीतल्या फोटोंमधला मजकूर वाचून असे शब्द हुडकत होता.

म्हणून स्टेनलेस स्टीलची पट्टी. बाजारात तयार मिळतात, पण महाग. मी बोटींचं काम करणाऱ्या फॅब्रिकेटरकडे गेलो. साधं ३०४ स्टील खाऱ्या वाऱ्यात काही काळाने ठिपके धरतं, ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून ते टिकतं. हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. त्याने पट्टी कापता कापता विचारलं, "बोटीचो नंबर घालूचो आसा काय? हयच ठोकून देतंय." म्हटलं नको, घरीच ठोकतो. अक्षरांचे पंच त्याच्याकडून दोन दिवसांसाठी मागून आणले. शब्द दुसऱ्याकडून ठोकून घेतले तर सगळीच मेहनत वाया. एक सोय कळली ती सांगतो: हे शब्द २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या इंग्रजी यादीतले असतात आणि पहिली चार अक्षरं पुरतात, तेवढ्यावरून शब्द नेमका ओळखता येतो. त्यामुळे २४ शब्दांना जास्तीत जास्त ९६ ठोके. तरी मनगट दुखलंच, आणि शेजारी दोनदा डोकावून गेला. भर पावसाळा गेला, पट्टीवर डाग नाही.

उपकरणाची गोष्ट तशी नाही. यूएसबीच्या तोंडाशी हिरवट थर आला, दिवाळीच्या सुमारास ते जोडलं जाईना. आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केल्यावर चाललं. आता हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवतो. बॅटरीचं ब्लूटूथवालं मॉडेल घेतलं नाही ते बरंच झालं, महिनोन्महिने पडून राहणाऱ्या वस्तूत बॅटरी हे आणखी एक दुखणं. पडदा बारीक आहे, चाळिशी लागलेल्या माणसाला लांबलचक पत्ता वाचताना वैताग येतो. लाईट गेल्याने उपकरणाच्या आतल्या सॉफ्टवेअरचा (फर्मवेअर) अपडेट एकदा अर्धवट राहिला, पुन्हा सुरू केल्यावर पूर्ण झाला. अपडेटआधी पट्टी हाताशी ठेवा आणि लॅपटॉप चार्ज करून घ्या.

पैसे टाकण्याआधी एक गोष्ट नक्की करा. उपकरण मुद्दाम पुसून टाका आणि शब्दांवरून पुन्हा उभं करा. चुकीचा पिन टाकत राहिलात की ते आपोआप पुसतं, लेजर ३ चुकांनंतर, ट्रेझर या दुसऱ्या कंपनीचं त्याहून जास्त चुकांनंतर. वरून पासफ्रेज, म्हणजे शब्दांखेरीज स्वतःचा आणखी एक पासवर्ड, लावायचीही सोय असते. २०२० मध्ये क्रॅकेन या एक्स्चेंजच्या प्रयोगशाळेने ट्रेझरची तेव्हाची मॉडेल हातात घेऊन सुमारे १५ मिनिटांत आतले शब्द काढून दाखवले होते, आणि तिथे पासफ्रेजच आडवी येते. तरी मी ती लावली नाही. माझ्या घरी प्रयोगशाळेवाला चोर येण्यापेक्षा मीच पासफ्रेज विसरण्याची शक्यता जास्त.

फसवणुकीपुढे मात्र हे उपकरण मुकं आहे. लग्नपत्रिकेच्या किंवा चलानच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी एपीके (ॲप बसवणारी) फाइल फोन ताब्यात घेते, ओटीपी पळवते. बँक रिकामी होते आणि वॉलेट कपाटात सुखरूप राहतं. जहाजावर असलेल्या ओळखीच्या एका पोराचा रात्री फोन आला. "दादा, टेलिग्रामवर सपोर्टवाला म्हणतोय वॉलेट सिंक झालं नाही, लिंकवर २४ शब्द टाका. टाकू?" म्हटलं, "अरे, ते शब्द उपकरणाची बटणं सोडून कुठेच टाकायचे नाहीत. कंपनीचा मालक स्वतः आला तरी नाही." त्याने ब्लॉक केलं. पण त्याच्याकडे माझ्याहून महागडं वॉलेट होतं, आणि त्या रात्री ते त्याच्या काहीच कामाचं नव्हतं.

तरीही चूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. रुपये बँकेत असेपर्यंत अडवता येण्याची आशा असते. साखळीवर (ब्लॉकचेनवर) गेलेला क्रिप्टोचा व्यवहार मात्र कुणालाच उलटवता येत नाही. आणि पीटूपीने, म्हणजे थेट अनोळखी माणसाला, यूएसडीटी (डॉलरशी बांधलेलं क्रिप्टो) विकून खात्यात कुणाचे चोरीचे पैसे आले, खातं गोठलं, तर त्यातही हे उपकरण काही करू शकत नाही.

घ्यावं का? १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर गेले आणि लोकांचे पैसे कित्येक महिने अडकले, तेव्हापासून हा प्रश्न मला दुकानात बरेच जण विचारतात. हौसेने दोन-पाच हजारांचं घेतलं असेल तर नको, उपकरणच त्याहून महाग पडेल. त्यापेक्षा क्रॅक सॉफ्टवेअर काढून टाका, एक्स्चेंजच्या खात्याला ऑथेंटिकेटर (दर वेळी नवा कोड देणारं ॲप) लावा. रक्कम गमावल्यावर झोप उडेल एवढी असेल तर घ्या. मात्र तुमचं एक्स्चेंज नाणी बाहेर काढू देतं का हे आधी बघा, काही देत नाहीत.

माझं एक काम अजून राहिलंय. पट्टी कुठे आहे हे बायकोला माहीत आहे, पण तिचं करायचं काय हे नाही. गणपतीला पुण्याहून भाऊ येईल. तेव्हा दोघांना बसवून एका कोऱ्या उपकरणावर सरावापुरत्या तयार केलेल्या शब्दांनी रिकव्हरी करून घेणार आहे, मी मध्ये न बोलता.