अ‍ॅव्हा गार्डनर म्युझियम, स्मिथफील्ड: जा, पण तीन सिनेमे पाहून जा

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात रॅले-केरीकडे राहणाऱ्यांना हॉलिवूडची जुनी अभिनेत्री अ‍ॅव्हा गार्डनर हिचं हे म्युझियम जेमतेम पन्नास किलोमीटरवर आहे. आय-९५ महामार्गाने येणार असाल तर एक्झिट ९५ घ्या, ईस्ट मार्केट स्ट्रीट सरळ गावात नेते. रविवारच्या वेळा वेगळ्या असतात, त्या आधी बघून निघा. दीड-दोन तास पुरतात.

मूळ संग्रह एका चाहत्याचा. कॉलेजातल्या अ‍ॅव्हाला चिडवणाऱ्या बारा वर्षांच्या टॉम बँक्सच्या गालाचा तिनं मुका घेतला आणि पठ्ठ्या जन्मभर तिच्या वस्तू जमवत राहिला. त्याच्या पश्चात पत्नी लॉरेननं सगळं गावाला दिलं. त्यामुळे इथं पोस्टर, कपडे, खासगी चिजा आणि बर्ट फायफर या डच चित्रकारानं काढलेली तिची चित्रं भरपूर आहेत. सुरुवातीची छोटी फिल्म चुकवू नका, नाहीतर पुढची दालनं म्हणजे नुसती सुंदर फोटोंची रांग वाटते.

आणि तीच इथली खरी अडचण. तिचे सिनेमे न पाहता आलेला माणूस तिचं रूप आणि तीन नवरे (मिकी रूनी, आर्टी शॉ, फ्रँक सिनात्रा) एवढंच घेऊन परततो. तिच्या कारकिर्दीतला पेच होता आवाजाचा. तंबाखूच्या शेतावर राबणाऱ्या घरातलं हे सातवं, शेंडेफळ. बोली इतकी गावरान की न्यूयॉर्कमधली कॅमेरा चाचणी आवाजाविनाच हॉलिवूडला धाडली. १९४१ मध्ये एमजीएम या स्टुडिओनं आठवड्याला ५० डॉलरवर सात वर्षांचा करार केला आणि आधी उच्चारांची शिकवणी लावली. पाच वर्षं किरकोळ कामं केल्यावर 'द किलर्स' (१९४६) आला. पहिला पाहायचा तो हाच. दुसरा 'शो बोट' (१९५१). यात गाणी तिनं गायली होती, तरी पडद्यावर ऐकू येतो तो गायिका अ‍ॅनेट वॉरेनचा आवाज. अ‍ॅव्हाचा स्वतःचा आवाज ऐकायचा तर साउंडट्रॅकची रेकॉर्ड मिळवा.

तिसरा 'भोवानी जंक्शन' (१९५६), आपल्यासाठी मुद्दाम. १९४७ च्या भारतातल्या अँग्लो-इंडियन तरुणीची भूमिका, पण भारत सरकारशी न जमल्यानं चित्रीकरण लाहोरला झालं. सिनेमा असमान आहे, तिचं काम तसं नाही. ऑस्करचं एकमेव नामांकन मात्र 'मोगॅम्बो'ला (१९५३).

वेळ उरला तर सनसेट मेमोरियल पार्क ही दफनभूमी गाठा. १९९० मध्ये लंडनला वारल्यावर तिला इथंच आणलं. 'गार्डनर' लिहिलेला कुटुंबाचा मोठा दगड शोधा, तिची स्वतःची पाटी जमिनीलगत आहे, लांबून दिसत नाही.