खांदा बदलण्याआधीचं संगणकी नियोजन: पैसे कुठे वसूल होतात, कुठे नाही

खांद्याचा सांधा बदलायचा म्हटलं की हल्ली लॅपटॉपवर रंगीत थ्रीडी चित्र दाखवलं जातं. ब्लूप्रिंट, एक्झॅक्टेक जीपीएस, आर्थ्रेक्सचं व्हीआयपी... नावं वेगळी, मूळ काम एकच. सीटी स्कॅनमधून फऱ्याचं हाड आणि दंडाच्या हाडाचं डोकं सुटं काढायचं, वाटी (फऱ्याच्या हाडावरचा उथळ खळगा, जिच्यात ते डोकं फिरतं) किती झिजली नि कुठे कलली ते मोजायचं, आणि कृत्रिम भाग कोणत्या मापाचा, किती अंशांत बसवायचा हे चिरा देण्याआधी ठरवायचं. हाडं सुटी काढण्याचं किचकट काम आता एआय करतं. पण नियोजन, गाईड, नेव्हिगेशन आणि रोबो या चार वेगळ्या गोष्टी ‘कॉम्प्युटरवालं ऑपरेशन’ या एकाच नावाखाली खपवल्या जातात. चौघांची किंमतही वेगळी आणि लायकीही.

आधी सीटी, कारण जळगाव-धुळ्याकडे घोळ होतो तो इथेच. काप १ मिमी किंवा त्याहून पातळ हवेत. गॅन्ट्री (स्कॅनरचं गोल कडं) सरळ, दुखरा हात अंगालगत, शक्य असेल तर दुसरा हात डोक्यावर. आणि फऱ्याचं हाड अख्खं, खालच्या टोकापर्यंत. सेंटरवाला ‘शोल्डर सीटी’ एवढंच वाचतो आणि सांध्याखाली चार बोटांवर थांबतो. बरीच सॉफ्टवेअर्स वाटीचा मध्य, फऱ्याच्या कण्याचं (पाठीमागच्या आडव्या उंचवट्याचं) आतलं टोक आणि फऱ्याचं खालचं टोक या तीन खुणांवरून हाडाचं प्रतल धरतात. खालचं टोकच नसलं तर प्रतल चुकतं, मग कलाचे सगळे आकडेही. चित्र मात्र तितकंच देखणं दिसतं, हीच खरी गोम. फिल्म किंवा तिचा व्हॉट्सॲपवरचा फोटो इथे कुचकामी आहे. मूळ डायकॉम (स्कॅनच्या मूळ डिजिटल स्वरूपातल्या) फाइल्स पेनड्राइव्हवर मागून घ्याव्यात, शेकडो काप असतात. अक्कलकुव्याच्या म्हाताऱ्या पेशंटला चुकलेल्या सीटीसाठी पुन्हा धुळं गाठायला लावण्यापेक्षा चिठ्ठीवरच ‘पूर्ण स्कॅपुला (म्हणजे फऱ्याचं हाड), १ मिमी’ लिहिलेलं बरं.

सीटी नीट असेल तर नियोजन हा या चौघांतला सगळ्यात वसूल माल. वाटी सहसा शून्य ते १० अंश मागे झुकलेली असते. मागची कड झिजून दोन खळगे पडले, म्हणजे वाटीच्या झिजेच्या वॉल्च वर्गवारीतला बी-२ प्रकार, की साध्या एक्स-रेवर अंदाज फसतो. झुकाव १५ अंशांच्या पुढे असेल तर पुढचं हाड घासून सरळ करण्याच्या नादात मुळातच तुटपुंजं हाड संपतं आणि पेग (कृत्रिम वाटीचा हाडात रुतणारा खुंट) पलीकडे निघतो. स्क्रीनवर हे आधीच दिसतं. मग पाचरीसारखी जाड प्लेट किंवा रिव्हर्स सांधा हा निर्णय ऑपरेशनच्या टेबलावर घाईत घ्यावा लागत नाही. रिव्हर्समध्ये (ग्रामाँ यांनी १९८५ साली फ्रान्समध्ये रूढ केलेली, चेंडू-वाटीची अदलाबदल) बेसप्लेट (वाटीच्या हाडाला स्क्रूने बसणारी तबकडी, जिच्यावर चेंडू बसतो) खाली सरकवून, वर तोंड न करता बसवायची असते. वर कलली तर ती सैल होण्याची आणि फऱ्याच्या हाडाला खाच पडण्याची भीती. कमी उंचीच्या बायकांमध्ये वाटी जेमतेम २४-२५ मिमी रुंद निघू शकते. २९ मिमीची बेसप्लेट तिथे बाहेर लोंबते. २५ची प्लेट आणि ३६चा चेंडू आधीच मागवून ठेवता येतो, हा फायदा नाशिक-मुंबईहून सेट येणाऱ्या गावात मोठा.

तरी आकड्यांना देव मानू नये. एकाच सीटीवर दोन कंपन्यांची सॉफ्टवेअर्स काही अंशांनी वेगळा कल सांगतात. हात किती फिरेल हे ती हाडावर हाड आपटतं का एवढ्यावरून ठरवतात. डेल्टॉइडचा (खांद्यावरच्या मोठ्या स्नायूचा) ताण, आखडलेलं कॅप्सूल (सांध्याभोवतीचं आवरण), चरबी धरलेला कफ (सांधा धरून ठेवणारे स्नायू) त्यांच्या हिशेबात नाही. शिवाय सॉफ्टवेअर कंपनीचं, म्हणून त्यात इम्प्लांटही त्याच कंपनीचे.

गाईड म्हणजे पेशंटच्या वाटीवर बसेल असा छापलेला साचा, पिन घालायला. वाटी फार झिजलेली असेल तरच घ्यावा. बसत नसेल तर कारण बहुधा ठरलेलं: लॅब्रम (वाटीच्या काठाची मऊ कड) किंवा उरलेली कूर्चा नीट काढलेली नसते. सीटीला कूर्चा दिसत नाही, साचा हाडाच्या मापाचा असतो. उलट वाढलेली हाडाची कड उत्साहाने छाटली तर साच्याची टेकायची जागाच जाते. सीटी जुना असला आणि मधल्या काळात झीज वाढली तरी तेच.

नेव्हिगेशनमध्ये, म्हणजे ऑपरेशन चालू असताना हत्यार कुठे आहे ते पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रणेत, कोराकॉइडला (फऱ्याच्या हाडाच्या पुढच्या चोचीसारख्या टोकाला) स्क्रूने ट्रॅकर बसवतात आणि प्रोबने (टोकदार सळीने) हाडावर खुणा टिपतात. ठिसूळ हाडात ट्रॅकर हलला की पुढचं सगळं वाया, आणि कोराकॉइड मोडण्याचा धोका वेगळाच. महिन्याला एखादं ऑपरेशन होणाऱ्या ठिकाणी ही यंत्रणा शोभेची. रोबोचं तर नावही काढू नये. झिमर बायोमेटच्या रोझा शोल्डरला अमेरिकेत एफडीएची मंजुरी मिळाली तीच २०२४ मध्ये.

राहिला भाकीत करणारा एआय. एक्झॅक्टेकचं प्रेडिक्ट प्लस वय, दुखणं, हालचाल वगैरे घेऊन ऑपरेशननंतर किती फरक पडेल ते सांगतं, पण शिकलेलं आहे त्याच कंपनीचे सांधे बसवलेल्या पेशंटांवर. रावेर-यावलकडे केळीचा घड खांद्यावर घेणारा मजूर किंवा जमिनीवरून तळहाताचा रेटा देऊन उठणारी आजी त्या माहितीत किती असतील? असा रेटा नव्या सांध्यावर थेट येतो. तेव्हा भाकिताचा कागद घरच्यांना दाखवण्याआधी पेशंट जमिनीवर बसतो की खाटेवर, हे विचारून घ्यावं.